व्याह्यांना दाखवलेली घारापुरी

जुईनगरचे श्यामसुंदर सावंत आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. कोणता कामगार किती वाजून किती मिनिटांनी गेटातून आत आला, हे लिहून ठेवणाऱ्या माणसाला खोटं बोलायला वाव नसतो. त्यामुळे वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांनी जे एक खोटं ठोकलं, ते सराव नसल्यामुळे प्रमाणाबाहेर मोठं निघालं.

त्यांच्या मुलीचं, गीतांजलीचं लग्न ठरत होतं. मुलगा इंद्रजित जगदाळे, साताऱ्याला एका बँकेत नोकरीला. आईवडील रहिमतपूरजवळच्या गावी शेतीवर. सुपारी फोडायला सावंत कुटुंब त्या गावी गेलं. जेवणं झाल्यावर सोप्यात पान खात बसलेले असताना मुलाचे वडील हौसेराव सहज बोलून गेले, की तुम्ही जन्मभर मुंबईत राहिलेली माणसं, घारापुरीची लेणी तुम्ही पाहिलीच असतील. मुलाची आई बाळाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी एका जुन्या कॅलेंडरावर घारापुरीचा तीन मुखांचा महादेव होता आणि गेली कित्येक वर्षं त्या रोज त्याला हळदकुंकू वाहत होत्या. लेण्याचं नाव निघताच त्या पुढं सरकल्या.

श्यामसुंदरांनी लालबागच्या खोलीत तीस वर्षं काढली होती आणि दोन वर्षांपूर्वी जुईनगरला फ्लॅट घेतला होता. या सगळ्या काळात त्यांनी घारापुरी पाहिली नव्हती. ‘जायचं जायचं म्हणताना राहून गेलं’ असं म्हटलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण नव्या व्याह्यांसमोर त्यांना कमीपणा घ्यावासा वाटेना, आणि ते म्हणाले, “सात वेळा.”

बाळाबाईंनी बसल्या जागेवरून त्यांना हात जोडले. तीन मुखांच्या महादेवाचं सात वेळा दर्शन झालेला माणूस आपल्या सोप्यात बसला आहे, या विचारानं त्यांना भरून आलं. साखरपुड्याआधी आपण जुईनगरला येऊ आणि व्याह्यांच्याच सोबतीनं महादेव बघू, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं.

परतीच्या एसटीत सरोजिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं, सात वेळा कधी गेला होतात? लग्नाआधी, असं त्यांनी सांगितलं. लग्नाआधी तुमची मावशी तुम्हाला लालबागच्या नाक्यापलीकडे एकट्याला सोडत नव्हती, असं म्हणून सरोजिनीबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी हौसेराव आणि बाळाबाई आले. इंद्रजितची खात्याची परीक्षा होती, म्हणून तो आला नाही. हौसेरावांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, बाळाबाईंच्याही. घरात माळकरी व्याही येणार म्हणून सरोजिनीबाईंनी चार दिवस आधीच ओट्यावरची सगळी भांडी चिंचेनं घासून काढली होती आणि सुक्या जवळ्याचा डबा शेजारच्या बिऱ्हाडात ठेवायला दिला होता. सावंत मूळचे मालवणकडचे. मासळीशिवाय चार दिवस म्हणजे त्यांना कोणीतरी गावाला गेल्यासारखं वाटत होतं.

श्यामसुंदरांनी मात्र हे चार दिवस अभ्यासात घालवले होते. कारखान्यातल्या कमळाकर नावाच्या सहकाऱ्याकडून त्यांनी घारापुरीची एक माहितीपुस्तिका आणली आणि ती जवळजवळ पाठ केली. मग ऑफिसच्या टाइपरायटरवर कार्बन घालून सहलीचा कार्यक्रम तयार केला. सहा बावन्नची गाडी, सात पस्तीसला डॉकयार्ड रोड, आठ पंधराची लाँच, नऊ वाजून वीस मिनिटांनी महादेव, दीड वाजता बेटावरील उपाहारगृहात भोजन, चार वाजता गेटवे ऑफ इंडिया. प्रत्येकाला एकेक प्रत दिली.

घारापुरीच्या लाँच गेटवेवरून सुटतात हे सगळ्या मुंबईला माहीत होतं आणि श्यामसुंदरांनाही होतं. पण त्यांची नजर वेळेवर. जुईनगरहून थेट गाडीनं डॉकयार्ड रोडला उतरलं तर भाऊचा धक्का चालत जाण्याजोगा, आणि तिथूनही लाँच सुटतात, रेवसला आणि मोऱ्याला, असं कमळाकर बोलता बोलता म्हणाला होता. मोरा हे नाव ऐकताच श्यामसुंदरांच्या डोक्यात दिवा लागला. घारापुरी बेटावर तीन वस्त्या आहेत, शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर, हे त्यांनी पुस्तिकेत वाचलं होतं. म्हणजे मोऱ्याची लाँच घारापुरीलाच जाणार. गेटवेला वळसा घालायचं कारण नाही, पस्तीस मिनिटं वाचली. त्यांनी पुस्तिका वाचलीच नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

रविवारी सकाळी सगळं कार्यक्रमाप्रमाणे झालं. बाळाबाईंनी बरोबर बेलाची पानं, नारळ आणि भाकरी-पिठल्याचं गाठोडं घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी गावच्या साक्षरता वर्गात त्या लिहायला-वाचायला शिकल्या होत्या, आणि तेव्हापासून समोर येईल ती पाटी वाचत होत्या. गाडी मोकळी होती. खिडकीशी बसून त्यांनी सानपाड्यापासून डॉकयार्ड रोडपर्यंतची सगळी स्टेशनं वाचली, शिवाय थुंकू नये, डोकावू नये आणि मूळव्याधीवर खात्रीचा इलाज.

भाऊच्या धक्क्यावर मासळीचे ट्रॉलर लागलेले, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, टोपल्या धावत होत्या. श्यामसुंदर आणि सरोजिनीबाई दोघंही त्या टोपल्यांकडे न बघता ताठ मानेनं चालत गेले. हौसेराव मात्र एका पापलेटच्या टोपलीपाशी जरा रेंगाळले. बाळाबाईंनी मागे वळून पाहिलं, तेव्हा ते माशा फार असल्याचं म्हणाले आणि पुढं आले.

तिकीटखिडकीवर ‘मोरा’ अशी पाटी होती. सरोजिनीबाईंनी हळूच विचारलं, की यावर घारापुरी कुठं लिहिलंय? श्यामसुंदरांनी त्यांना तीन वस्त्यांची नावं सांगितली. मोराबंदर दोन नंबरचं.

समुद्र बाळाबाईंनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्या घाबरतील म्हणून गीतांजली त्यांना धरून बसली, पण लाँच हलायला लागल्यावर त्या उठून कठड्यापाशी गेल्या आणि भाकरीचे तुकडे मोडून पाण्यावरच्या पांढऱ्या पाखरांना टाकू लागल्या. घाबरले ते श्यामसुंदर. धक्का मागे पडला तसे ते बाकाच्या मधोमध सरकले. तरीही एका हातानं बाक धरून त्यांनी माहिती द्यायचं काम सोडलं नाही. ही नौदलाची जहाजं, या तेलाच्या टाक्या, हा दीपस्तंभ. जे माहीत नव्हतं त्याचंही वर्ष ते सांगत होते.

अर्ध्या वाटेवर डाव्या हाताला एक हिरवं बेट आलं, दोन टेकड्यांचं. पायथ्याला रंगीत लाँच लागलेल्या होत्या आणि वर चढत जाणारी माणसांची रांग दिसत होती. सरोजिनीबाईंनी त्याकडे बोट केलं. श्यामसुंदर म्हणाले, ते ओसाड बेट आहे, तिथं सापांशिवाय काही नाही. मग ती माणसं कशाला चढतायत, असं गीतांजलीनं विचारलं. सर्पमित्र असतील, असं त्यांनी उत्तर दिलं. हौसेराव तेवढ्यात दुसरीकडं वळले. खिशातला रुमाल काढून त्यांनी बराच वेळ तोंड पुसलं.

बेट मागे राहिलं आणि लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागली. लांबलचक धक्का, दोन्हीकडे चिखल, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. धक्क्याच्या टोकाला चहाची टपरी, तिच्यापलीकडे सहा सीटर रिक्षांची ओळ आणि रिक्षांच्या मागे, चक्क, एक लाल एसटी उभी होती.

बेटावर एसटी असत नाही. श्यामसुंदर जागच्या जागी थांबले. एसटीच्या कपाळावर ‘उरण–पनवेल’ अशी पाटी होती आणि ती त्यांनी दोनदा वाचली. आपण घारापुरीला नाही, उरणला आलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. सरोजिनीबाईंनीही पाटी वाचली होती. गीतांजलीनंही वाचली होती. होणाऱ्या सासूसासऱ्यांसमोर वडिलांची फजिती होऊ द्यायची नाही, असं मायलेकींनी एका नजरेत ठरवलं.

“बेट बरंच मोठं दिसतंय,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“एसटी हाय म्हंजे लई सोय हाय,” हौसेराव गंभीरपणे म्हणाले.

बाळाबाईंनी पदर नीट केला आणि महादेव कुठल्या बाजूला, एवढं विचारलं.

आता महादेव मिळवणं भाग होतं. श्यामसुंदर एका रिक्षावाल्याला बाजूला घेऊन गेले आणि इथं एखादं महादेवाचं देऊळ आहे का, शक्यतो जुनं, शक्यतो दगडी, असं विचारू लागले. रिक्षावाला म्हणाला, समुद्राच्या कडेला एक आहे, चला. तिघी मागे बसल्या, दोघे पुढे. वाटेत मिठागरं लागली, भाताची कापलेली खाचरं लागली, शाळा लागली. प्रत्येक वळणावर कुठल्या ना कुठल्या दुकानाची पाटी यायची आणि तिच्यावर उरण असं लिहिलेलं असायचं. पाटी दिसली की गीतांजली बाळाबाईंना दुसऱ्या बाजूचं काहीतरी दाखवायची; बकरी, नारळ, विहीर. बाळाबाई आज्ञाधारकपणे तिकडं बघायच्या. पुढच्या बाकावर हौसेराव रिक्षावाल्याला रस्ता असा विचारत होते, की जणू त्यांना तो माहीत नव्हता. एकदा मात्र त्यांच्या तोंडून “हितनं डावीकडं” असं निघून गेलं. श्यामसुंदरांनी चमकून पाहिलं, तेव्हा डावीकडे वारा बरा आहे असं म्हणायचं होतं, असा त्यांनी खुलासा केला.

देऊळ लहान होतं, पण जुनं आणि दगडी होतं. श्यामसुंदरांना तेवढा आधार वाटला. आत काळोखात एक पिंडी, तिच्यावर थेंबथेंब पाणी. कार्यक्रमपत्रिकेवरचे नऊ वीस केव्हाच होऊन गेले होते. बाळाबाईंनी बेल वाहिला, नारळ फोडला, डोकं टेकलं. मग त्या उठल्या आणि पिंडीच्या चारी बाजूंनी फिरून आल्या.

“तीन तोंडं कुटं हायती?” त्यांनी विचारलं.

श्यामसुंदरांनी घसा साफ केला. समुद्राचा वारा खारा असतो, असं त्यांनी सुरू केलं, आणि हजार-दीड हजार वर्षं तो दगडावर बसत राहिला की दगड झिजतो. नाकं आधी जातात, मग डोळे, शेवटी तोंडं. मूळची तीन मुखं आता अशी एकजीव गोल झाली आहेत. त्यांनी स्वतः पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक नाक शिल्लक होतं.

“खाऱ्या वाऱ्याचं लई वाईट,” हौसेरावांनी दुजोरा दिला. “पत्रा खातो, दगडाचं काय घेऊन बसलाय.”

तेवढ्यात बाहेर गेलेला गुरव परत आला. तो काही बोलून बसण्याआधी गीतांजलीनं त्याला दारापाशी गाठलं आणि घाईघाईनं सगळं कुजबुजत सांगितलं. गुरव म्हातारा होता आणि त्याला तीन मुली होत्या. लग्न ठरताना बापाचं काय होतं हे त्याला ठाऊक असावं. तो आत आला, समईची वात पुढं केली आणि बाळाबाईंना म्हणाला, की बाई, तीन मुखं आहेत, पण सगळ्यांना दिसत नाहीत. ज्याची भक्ती त्याला दिसतात.

बाळाबाईंनी पिंडीकडे पाहिलं. मग श्यामसुंदरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर जानेवारीत घाम होता. त्या परत पिंडीकडे वळल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “दिसली.”

श्यामसुंदरही वाकून पिंडीकडे पुन्हा एकदा बघून आले.

बाहेर ऊन चढलं होतं आणि सगळ्यांना भूक लागली होती. रिक्षावाल्यानं विचारलं, की जेवायला पुतळाबाईच्या खानावळीत सोडू का? जवळच आहे, सावली आहे, पाणी गोड आहे. श्यामसुंदर हो म्हणाले. हौसेराव एकदम नाही म्हणाले. सकाळपासून त्यांनी कशालाच नकार दिला नव्हता, म्हणून सगळे बघायला लागले. भूक नाही, असं हौसेराव म्हणाले. सुरूच्या झाडाखाली बसून गाठोडं सोडू, असंही म्हणाले. खानावळ चांगली नसावी, अंधारी असते, असं न बघताच म्हणाले. पण बाळाबाईंना पाणी हवं होतं आणि रिक्षा तोवर वळलीही होती.

खानावळ म्हणजे कौलारू घराची पुढची पडवी. चार बाकं, शेणानं सारवलेली जमीन, आतून वाटणाचा वास. हौसेराव भिंतीकडे तोंड करून बसले आणि टोपी कपाळावर ओढून घेतली. मासळीचा वास नाकात शिरल्यावर श्यामसुंदरांना चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. पण त्यांनी व्याह्यांच्या माळेकडे पाहिलं आणि ही मंडळी माळकरी आहेत, फक्त पाणी द्या आणि ताटं द्या, असं आत सांगितलं.

पुतळाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. साठीची, अंगानं भरलेली, नाकात ठसठशीत नथ. तिनं पाणी ओतलं, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पाठीकडे एकदा पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला.

“तात्या, लय दिसांनी आलाव,” ती म्हणाली. “तुमचा खिला तसाच ठेवलाय. लावा ती माल, मी पान वाढते.”

तिनं दाराच्या चौकटीकडे हात केला. चौकटीवर डोक्याच्या उंचीला एक खिळा ठोकलेला होता.

हौसेरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि टोपीकडेच बघत राहिले. बाळाबाईंनी आधी नवऱ्याकडे, मग खिळ्याकडे पाहिलं. पुतळाबाईला आपण काय केलं ते कळलं नाही. तिला वाटलं या मंडळींना ओळख पटली नाही, म्हणून ती कौतुकानं सांगू लागली. न्हावाशेव्याचं बंदर नवीन सुरू झालं तेव्हा तात्या ट्रकनं साखरेची पोती घेऊन यायचे. महिन्यातून दोनदा. बंदराच्या दारात गाडी रांगेला लावली की जेवायला इथं. फार देवभोळा माणूस. माळ गळ्यात ठेवून कधी मासळीला हात लावला नाही. आधी खिळ्याला माळ, मग ताटाला हात.

श्यामसुंदरांनी मध्ये पडून घारापुरीची साखर असं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. पुतळाबाईनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. “घारापुरी ती पल्याड, पान्यान. हा उरन हाय.”

श्यामसुंदरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. वेळ काय झाली ते त्यांना नंतर आठवलं नाही.

“ते मला म्हाईत हाय,” बाळाबाई शांतपणे म्हणाल्या. “बोटीतनं उतरल्या उतरल्या एसटीवर वाचलं. उ, र, ण. मनात म्हटलं, व्याही एवढं शिकल्यालं हायत, इतक्या हौसेनं दाखवत्यात, कशाला तोंड घाला. म्हणून देवळात पण दिसली म्हणाले.” एवढं बोलून त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमी सांगा आता. खिळा कशाचा?”

हौसेरावांना सांगावं लागलं. गळ्यात माळ घालून पंधरा वर्षं झाली होती. मधली चार वर्षं ते ट्रकवर होते; पहिल्यांदा इथं आले, तेव्हा नुसता भात मागितला. पुतळाबाईनं भातावर चुकून कालवण घातलं. चुकून पडलेलं टाकायचं कसं, म्हणून खाल्लं. दुसऱ्या खेपेला चुकून पडेना, म्हणून मागून घेतलं. पण माळेला काही लागू दिलं नाही. माळ खिळ्यावर असायची, खाणारा हौसेराव निराळा. उरण ओळखीचं असून सकाळपासून गप्प का बसलात, असं श्यामसुंदरांनी विचारलं. व्याह्यांचा पाणउतारा करायचा नव्हता, हे एक; आणि उरण ओळखीचं आहे म्हटल्यावर कुठं जेवायचा हा प्रश्न आलाच असता, हे दुसरं.

“चार वर्सं,” बाळाबाई म्हणाल्या. “तुमी गाडीवर असताना मी रोज एक वेळ जेवत हुते. रस्त्यावर काय होऊ नये म्हणून.”

हौसेरावांनी मान खाली घातली. पुतळाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला होता. गीतांजलीला वाटलं, आपलं लग्न या पडवीत मोडणार. सरोजिनीबाईंना तर लग्न मोडल्याची बातमी सोसायटीत कशी सांगायची इथपर्यंत विचार सुचले.

मग श्यामसुंदर बोलले. “विहीणबाई, सात वेळा नाही,” ते म्हणाले. “मी एकदाही घारापुरी पाहिलेली नाही. मघाशी लाँचमधून दिसली ती घारापुरी. साप नाहीत तिथं.”

बाळाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडाच्या कडा हलायला लागल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना. खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आलं. “एक नाक शिल्लक हुतं,” एवढंच त्या मध्ये मध्ये म्हणत होत्या. मग सरोजिनीबाई हसू लागल्या, मग गीतांजली. पुतळाबाईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, पण तीही हसली. दोघे व्याही तेवढे एकमेकांकडे न बघता बसून होते.

हसून झाल्यावर बाळाबाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्यापुढं हात पसरला. हौसेरावांनी माळ काढून दिली. ती बाळाबाईंनी कपाळाला लावली आणि आपल्या पिशवीत ठेवली. ती परत गळ्यात घालायची असेल तर साताऱ्याला गेल्यावर माळ देणाऱ्या महाराजांसमोर बसून घालायची आणि मग पाळायची, असं त्यांनी सांगितलं. तोवर वाढा त्यांना. जे खायचं ते माझ्यासमोर खाऊ द्या.

पुतळाबाईनं वाढलं. तांदळाच्या भाकऱ्या, बोयट माशाचं कालवण, तळलेली मांदेली. हौसेराव सुरुवातीला चोरट्यासारखे खात होते. श्यामसुंदर आणि सरोजिनीबाई आपल्याला नको म्हणाले. बाळाबाईंनी विचारलं, तुम्ही कोकणातली माणसं, दोन दिवस माझ्यामुळं घास गिळताय ना? त्यावर सरोजिनीबाईंनी खरं सांगून टाकलं, शेजारी ठेवायला दिलेल्या जवळ्याच्या डब्यासकट. मग त्यांनाही ताटं आली. बाळाबाई शेजारी बसून आपलं पिठलं-भाकरी जेवल्या आणि मधूनच कोणता मासा कसा निवडतात ते विचारत राहिल्या.

जेवून सगळे किनाऱ्यावर गेले. दूर, पाण्याच्या कडेला, नांगरलेली मोठी जहाजं उभी होती. बाळाबाई नऊवारी खोचून गुडघाभर पाण्यात शिरल्या. त्यांना सांभाळायला म्हणून श्यामसुंदर विजार दुमडून मागे गेले. तिसरी लाट आली तेव्हा बाळाबाई जागच्या हलल्या नाहीत आणि श्यामसुंदर पाठीवर पडले. बाळाबाईंनी व्याह्यांना शर्टाच्या कॉलरला धरून उभं केलं, एखादं कोकरू उभं करावं तसं, आणि ती जहाजं कुठल्या गावाला जातात असं विचारलं. श्यामसुंदर तोंडातलं खारं पाणी थुंकत म्हणाले की आपल्याला खरंच माहीत नाही. हौसेरावांना माहीत होतं. साखर कुठं कुठं जाते त्या देशांची नावं त्यांनी किनाऱ्यावरून ओरडून सांगितली.

लाँचची चौकशी केली तेव्हा कळलं की ओहोटी लागली आहे, आता लवकर लाँच नाही. गेटवे ऑफ इंडिया राहिलं. श्यामसुंदर भिजलेल्या कपड्यांत उभे राहून आता घरी जायचं कसं असं विचारू लागले. हौसेराव म्हणाले, एसटीनं. गव्हाण फाट्यावरून बेलापूर, बेलापूरहून जुईनगर ते किती. श्यामसुंदरांना हे पटायला वेळ लागला. पहाटे उठून, गाडीनं खाडी ओलांडून, धक्क्यावरून लाँच धरून, समुद्र पार करून ते ज्या गावी पोचले होते, ते त्यांच्या घराच्या मागच्याच बाजूला होतं.

एसटीत माहिती सांगायचं काम हौसेरावांकडे गेलं. बंदराच्या उंच क्रेन खिडकीतून दिसायला लागल्या तसे ते उभे राहून बोलू लागले. हे रंगीत डबे म्हणजे कंटेनर, एकावर एक पाच. या दारात ट्रक दोन दोन दिवस उभा राहायचा. श्यामसुंदर त्यांच्या शेजारी ओल्या विजारीत बसून लक्ष देऊन ऐकत होते आणि मध्ये मध्ये प्रश्नही विचारत होते. किती वाजता दार उघडायचं, किती वाजता बंद व्हायचं.

मागच्या बाकावर बाळाबाई गीतांजलीजवळ बसल्या होत्या. जरा वेळानं त्यांनी तिला विचारलं, की इंद्रजित तुला खरंच आवडलाय का, का घरच्यांनी म्हटलं म्हणून हो म्हणालीस? असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. गीतांजलीनं थोडा विचार केला. मग ती म्हणाली, की पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला कविता आवडतात का असं विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मला कळत नाहीत, पण तुम्ही वाचून दाखवल्यात तर बसून ऐकेन. ते आवडलं.

“त्याला खोटं बोलाय येत न्हाई,” बाळाबाई म्हणाल्या. “बापावर गेला न्हाई. तेवढं एक बरं झालं.”

मग त्यांनी डोकं गीतांजलीच्या खांद्यावर टेकलं. दिवसभर उन्हात हिंडल्यानं त्यांना लगेच झोप लागली. केसांना समुद्राचा वास येत होता. गव्हाण फाट्याला एसटीनं मोठा हिसका दिला तरी त्या जाग्या झाल्या नाहीत. गीतांजलीचा हात बधिर झाला होता, पण बेलापूर येईपर्यंत तिनं तो हलवला नाही.